पुसलेली झील

मिस ओडेसा पडद्यावर स्वतःलाच बघत होत्या आणि त्यांचा चेहरा हळूहळू मावळत चालला होता.

"मी हे कुणाला सांगतेय, बेबी? भिंतीला?"

रेनिटाने उपासनाकडे पाहिलं. ही रेनिटाची पहिलीच मोठी फिल्म. शिकागोच्या दक्षिण भागात तिचं कृष्णवर्णीयांचं चर्च. तिथली म्हातारी माणसं मिसिसिपी सोडून इथे कशी आली, ते त्यांच्याच तोंडून सांगणारी ही फिल्म. मिस ओडेसा त्यांतल्याच एक. उपासना मूळची नागपूरची, फिल्मची एडिटर. प्रत आजच फेस्टिव्हलला पाठवायची होती आणि आवाज स्वच्छ हवा, ही त्यांची अट. म्हणून तिने सगळं रेकॉर्डिंग एआयच्या टूलमधून काढलं. टूलने पंखा पुसला, रस्त्यावरच्या बस पुसल्या. चर्चमध्ये मिस ओडेसा बोलताना बाकांवरच्या मंडळींतून उठणारं "सांग, सांग", "मग गं", तो घशातला लांबट हुंकार, तेही गोंगाट समजून पुसून टाकलं.

"पण आवाज किती क्लिअर आलाय," रेनिटा म्हणाली.

"मयताला कुणीच आलं नसावं, तसा आलाय. असंच दाखवणार असाल तर मला यातून काढा, पोरींनो."

त्यांना काढलं तर फिल्मच उरत नव्हती.

"मग मूळचाच आवाज लाव," रेनिटा उपासनाला म्हणाली.

"त्यात पंख्याखाली शब्दच कळत नाहीत, यार."

बोलता बोलता उपासनाला नागपूरच्या वस्तीतला जलसा आठवला. तिचे राजाराममामा भीमगीताची ओळ टाकायचे, मागचे झीलकरी ती झेलून पुन्हा गायचे. झील आली नाही तर मामा डफ मांडीवर ठेवून बसून राहत. पुढची ओळ त्यांच्या गळ्यातून निघतच नसे.

"थांब. काढलेले आवाज टूल फेकत नाही. वेगळ्या ट्रॅकवर ठेवतं."

तिने तो ट्रॅक एकटाच लावला. आधी नुसती घरघर. मग घरघरीखालून एक बाई हुंकारली, तिच्यामागे दुसरी. आणि एक जाड, खोकल्याने चिरलेला आवाज: "सावकाश, ओडेसा. सावकाश."

मिस ओडेसा खुर्चीत पुढे सरकल्या.

"हा हॉलिस, आमच्या चर्चचा डीकन. या हिवाळ्यात गेला. शूटिंगच्या दिवशी माझ्या मागच्याच बाकावर होता. तो तसं म्हणाला, म्हणून तर मी आईचं सांगू शकले."

दुपारभर त्या शेजारी बसून ओळखत राहिल्या. ही रूथ-ॲन. तो पंखा, जाऊ दे. ही अर्लीन, तिला दमा आहे, तिचा श्वासही राहू दे. उपासना एकेक आवाज माणूस म्हणून दाखवत गेली, तसं टूल शिकत गेलं आणि पंखा सोडून माणसं परत देऊ लागलं. रेनिटाने सगळ्यांची नावं फिल्मच्या शेवटच्या पाटीवर चढवली.

"फेस्टिव्हलवाले गोंगाट म्हणाले तर?" उपासनाने विचारलं.

"तर त्यांना रविवारी चर्चला बोलावू."

त्यांनी फिल्म पुन्हा लावली. पडद्यावरच्या मिस ओडेसा आईच्या नावापाशी अडल्या. मागून हॉलिस म्हणाला, "सावकाश."

"सांगते, सांगते," खुर्चीतल्या मिस ओडेसा पुटपुटल्या. मग पडद्यावरची नजर न हलवता त्यांनी हाताने खूण केली, पाठवा.