निर्गुण सिम

"सिम कुठंय मंग?" भुजंगरावांनी विचारलं.

"बसलं की मामा. फोनातच हाय."

"कसं बसलं? तू टाचणी घेऊन कप्पा तर उघडलाच न्हाई."

शीतल हसली. सासऱ्यांना ती मामा म्हणे आणि सासूबाईंना आत्याबाई. बदनापुरात तिचं झेरॉक्सचं आणि मोबाइल रिचार्जचं छोटं दुकान होतं, त्यामुळं घरातली फोनची सगळी दुखणी तिच्याच हाती. "हे ई-सिम हाय मामा. ह्याला कार्ड नसतं. त्या चौकटीचा फोटो मारला की आपोआप आत जाऊन बसतं."

"म्हंजी दिसत न्हाई, हाताला लागत न्हाई, पण हाय?"

"हाय की."

"घ्या!" भुजंगराव भिंतीला टेकून बसलेल्या बायकोकडं वळले. "आगं ऐकलंस का, आपलं घरचं सिम सगुण, आन् हे निर्गुण."

सोनूबाईंनी वातीचा कापूस चाचपत तोंड वर केलं. काचबिंदूनं त्यांची नजर हळूहळू नेली होती. आता दाराचा उजेड तेवढा कळायचा. "निर्गुण असू द्या न्हाई तर काही. दिवेलागणीला तुमचा आवाज आला म्हंजी झालं."

सगळी गोष्ट त्या आवाजावरच येऊन थांबली होती.

भुजंगरावांचा जन्म जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याच्या कारखान्यात पोती मोजण्यात गेला. सकाळी बदनापूरहून रेल्वे, संध्याकाळी परत, अंगाला सरकीचा वास. पण गळ्यात टाळ अडकवला की माणूस निराळा. राजानंद महाराजांच्या कीर्तनात ते टाळकरी. महाराजांनी चरण म्हणायचा आणि मागच्या ओळीतल्या माणसांनी तो उचलून धरायचा, एवढंच काम, पण ते काम त्यांनी असं केलं, की सप्त्याची पत्रिका घेऊन येणारे आधी विचारत, "महाराज, भुजंगराव हायेत ना संगं?" जांब समर्थच्या मंदिरात एकदा दिवे गेले, भोंगा मेला, महाराजांचा आवाज बसला, तेव्हा ह्या माणसानं मागून दिलेल्या साथीवर कीर्तन शेवटाला गेलं होतं. पण कुणी कौतुक केलं की म्हणत, "मी काय, मागचा माणूस."

घरात मात्र ते पुढचे. रोज दिवेलागणीला नवरा-बायको देवापुढं बसत आणि पाठ म्हणत. एक चरण त्यांचा, एक सोनूबाईंचा. बाईंची दृष्टी गेली तेव्हा पोथी सुटली, पण पाठ सुटला नाही. तो दोघांना तोंडपाठ होता. पाठ झाल्याशिवाय सोनूबाई अन्नाला शिवत नसत. आता त्यात साखरेचं दुखणं आलेलं. शीतल दिवा लावला की इंजेक्शन टोची, पाठ संपेस्तोवर औषध भिने, आणि लगेच ताट पुढं येई. मागं एकदा रेल्वे रखडली, भुजंगराव वेळेवर पोचले नाहीत, आणि सुई टोचलेल्या सोनूबाई उपाशीच वाट पाहत बसल्या. साखर एकदम उतरली. घरी आले तेव्हा बाई घामानं थबथबलेली, शुद्ध हरपलेली. सरकारी दवाखान्यात सलाईन लागलं तेव्हा कुठं डोळे उघडले.

म्हणून महाराजांना परदेशातल्या मराठी मंडळींचं आमंत्रण आलं, जर्मनी, हॉलंड, बेल्जियम आणि फ्रान्स, तेव्हा भुजंगरावांनी पहिल्या शब्दाला नकार दिला. सोनूबाईंनीच त्यांना रेटलं.

"जलमभर मागं उभं राह्यले. आता इमानात बसायची येळ आली तर पाय मागं घेता?"

"आन् तुझा नेम?"

"नेम माझा हाय ना? मंग त्याचं मी बघते. फोन हाय, सूनबाई हाय."

पण दिवेलागण बदनापूरची, आणि तेव्हा तिकडं भर दुपार. दुपारी मंडळी वाटेत असणार, कुणाच्या घरचं वायफाय थोडंच सोबत येणार? म्हणून शीतलनं हे ई-सिम घेतलं. "चारी देशांत चालतं," तिनं समजावलं. "दुसऱ्या देशात गेले की आपोआप तिथलं नेटवर्क येतं. तुमाला काईच करायचं न्हाई. बिलकुल हात लावायचा न्हाई."

"बराबर," भुजंगराव म्हणाले. त्यांना कळलं होतं. म्हणजे त्यांना तसं वाटलं होतं.

*

जर्मनीतले दिवस देवाच्या कृपेनं झकास गेले. ज्यांच्या घरी उतरले त्यांच्या बाल्कनीत भर दुपारी उन्हात बसून भुजंगराव कानाला फोन लावत आणि चरण म्हणत. सोनूबाईंचा चरण यायला किंचित उशीर लागे. शब्द समुद्रं ओलांडून जायचा, पुन्हा यायचा. मधे एक श्वासभर काही नसे. पहिल्या दिवशी ते त्या पोकळीत घाबरून "ऐकू येतंय का?" म्हणाले आणि दोघांचे शब्द एकमेकांवर आदळले. मग ते थांबायला शिकले.

हॉलंडला निघायच्या सकाळी स्टेशनवर गाडीची वाट पाहताना भुजंगरावांनी फोन काढला. सप्त्यातल्या पंगतीचा एक नियम त्यांच्या हाडात मुरला होता. पंगत उठली की ज्यानं त्यानं आपली पत्रावळ उचलायची. मोठा पाटील असो की कारखान्यातला हमाल, उष्टं मागं ठेवून जायचं नाही. आता जर्मनीची पंगत उठली होती. शीतल म्हणालीच होती, दुसऱ्या देशात दुसरं आपोआप येतं. मग ह्या देशातलं खाल्लेलं फोनात कशाला पडू द्यायचं?

फोन मराठीत होता. सेटिंग उघडून, चष्मा वर-खाली करून, त्यांना शेवटी ती ओळ सापडली. फोननं विचारलं, ई-सिम हटवायचं का? किती रीतीचा फोन, त्यांना वाटलं, उठण्याआधी विचारतो. त्यांनी होय दाबलं आणि पान उचलून हात धुतल्यासारखं समाधानानं फोन खिशात टाकला.

गाडी सुटली. महाराज खिडकीशी, शेजारी मृदंगाची पेटी पायांत धरून मृदंगवाला रामप्रसाद, समोर भुजंगराव. बाहेर हिरवी रानं पळत होती. बदनापूरची दिवेलागण जवळ आली तसा त्यांनी फोन काढला. नेट नव्हतं.

"येईन आता. शीव वलांडली की दुसरं येईन," ते म्हणाले.

शीव कधी ओलांडली ते कळलंच नाही. ना वेस, ना शिवेचा दगड, ना कुणी नारळ फोडला. पाट्यांवरची अक्षरं तेवढी बदलली. नेट आलं नाही. घरचं सिम तिथं मुकंच होतं, रामप्रसादचंही, आणि महाराज फोन बाळगत नसत. गाडीतलं फुकटचं नेट लावून पाहिलं, तर नुसतं चाक फिरत राहिलं.

"काय झालं?" रामप्रसादनं विचारलं.

भुजंगरावांनी सांगितलं. ऐकून रामप्रसादनं कपाळावर हात मारला. "पत्रावळ उचलली? आवो, त्याला काय उष्टं लागलं व्हतं का?"

"रामप्रसाद," महाराज हलक्यानं म्हणाले, "चिडवायची वेळ नाही ही. सूनबाईनं सुई टोचली असंल आता."

भुजंगरावांना तेवढं एक वाक्य पुरे झालं. ते उठले. पलीकडं कानात बोंडं घातलेला एक गोरा तरुण बसला होता. त्याच्यापुढं फोन धरून ते म्हणाले, "नेट... वाइफ... होम... प्रेयर." तो भला होता. बोंडं काढून त्यानं समजून घेतलं, आपला फोन पुढं केला, आणि मग त्यानंही मान हलवली. त्याच्याही फोनातल्या नेटवर्कच्या पट्ट्या गेल्या होत्या. दोघं दोन फोन धरून खिडकीशी एकमेकांच्या तोंडाकडं पाहत उभे राहिले. पुढच्या स्टेशनावर उतरून जाणाऱ्या त्या पोरानं भुजंगरावांच्या खांद्यावर हात ठेवला.

ते जागेवर येऊन बसले. तिकडं दिवा लागला असणार. सोनूबाई भिंतीला टेकल्या असणार. फोन शेजारी उताणा, मुका. ह्या बाईनं जन्मात कधी नेम मोडला नाही, तर आज मोडेल? ताट येईल आणि ती ताट सारून देईल. शीतल विनवेल, रडेल. आणि इथं आपण गादीच्या खुर्चीवर बसून रानं बघतोय.

"महाराज, मी काय करू?"

महाराज रंगात आले की हजार माणसाला तासतासभर बोलत. आत्ता ते एवढंच म्हणाले, "तुमच्या हातात काय हाय, भुजंगराव?"

हातात काय होतं? टाळसुद्धा सामानात होते. भुजंगरावांनी डोळे मिटले आणि त्यांचा पहिला चरण म्हटला. आधी ओठातल्या ओठात, मग बऱ्यापैकी आवाजात. पुढच्या बाकावरच्या बाईनं मागं वळून पाहिलं. त्यांना ते दिसलं नाही. रामप्रसादची बोटं आपसूक पेटीच्या झाकणावर पडू लागली, आणि सवयीनं त्यानं दुसरा चरण उचलला.

भुजंगरावांनी डोळे न उघडता हात वर केला.

"नको रे बाबा. ती जागा तिची हाय."

मग प्रत्येक चरणानंतर ते थांबले, जेवढा तिचा चरण तेवढंच. त्या रिकाम्या जागेत चाकांचा आवाज येई. मग पुन्हा त्यांचा चरण. असा आपल्या वाट्याचा अर्धा पाठ त्यांनी पुरा केला. शेवटी महाराजांनी हात जोडले. भुजंगरावांचे हात आधीच जोडलेले होते.

*

गाडीतून उतरल्यावर न्यायला अपूर्व आला होता. मूळचा जालन्याचाच, वकिलाचा मुलगा, इथं नोकरीला. "रामकृष्णहरी" म्हणून तो वाकला, तर भुजंगरावांनी त्याला वाकू दिलं नाही. "बाळा, पाया मागून पड. आधी फोन लाव."

स्टेशनाच्या पायरीवरच, अपूर्वच्या फोनातलं नेट घेऊन फोन लागला. शीतलनं उचलला.

"मामा! कुठं हायेत तुमी? फोन का लागून राह्यला न्हाई? मी इथं—"

"ती जेवली का?"

"आधी बोला तुमी आत्याबाईशी."

मधली ती श्वासभर पोकळी. आज ती संपेचना.

"पोचले का?" सोनूबाईंचा आवाज. ठणठणीत.

"पोचलो. तू जेवलीस का?"

"जेवले की. दोडक्याची भाजी केल्ती सूनबाईनं. दीड भाकर जेवले."

भुजंगराव पायरीवर बसले. त्यांच्या धोतराच्या सोग्याला परक्या देशाची माणसं वळसा घालून जात होती.

"आन् पाठ?"

"झाला."

"झाला? माझे चरण कुणी म्हणले मंग?"

"कोण म्हणणार? तुमचे तुमी म्हणले असतान तिकडं. मी माझे म्हणले. तुमचा चरण होईस्तोवर थांबायचं, मंग माझा म्हणायचा."

"आवो मामा," शीतल मधे घुसली, "मी म्हणले, आत्याबाई, मामांचे चरण मी म्हणते, तर हातच वर केला त्यांनी! बोलू देईनात."

भुजंगरावांनी रामप्रसादकडं पाहिलं. रामप्रसाद दुसरीकडं बघत उपरण्यानं नाक पुसत होता.

मग सिमचा तपास निघाला. भुजंगरावांनी खाली मान घालून पत्रावळीची हकीकत सांगितली. पलीकडं शीतल इतकी हसली की फोन खाली पडल्याचा आवाज आला.

"मामा, पत्रावळ व्हती का ती? ते आपलं घरचं ताट व्हतं! चारी देशांत त्याच ताटात वाढणार व्हते! ते उचलून फेकून दिलं तुमी!"

"आता?"

"आता काय, दुसरं धाडते. आन् ह्याला हात लावला तर बघा. उष्टं असंल तरी राहू द्यायचं."

रात्री अपूर्वच्या मंडळींपुढं महाराजांनी कीर्तनात हाच दृष्टांत घेतला. नाव घेतलं नाही, पण "एक टाळकरी होता" म्हटल्याबरोबर सगळी सभा मागच्या ओळीकडं पाहू लागली, आणि भुजंगराव टाळांच्या आड लपायला बघू लागले. "सिम निर्गुण होतं," महाराज म्हणाले, "ते ह्यानं हटवलं. पण त्याच्याही आतलं एक होतं, ते काही ह्याला हटवता आलं नाही." लोक हसले. मग हसता हसता कुणीकुणी डोळे पुसले. त्यातल्या बऱ्याच जणांच्या आया तिकडं लांब होत्या.

नवं सिम पुढं बेल्जियममध्ये चाललं, फ्रान्समध्ये चाललं. कंपन्यांची नावं बदलत गेली. भुजंगराव नुसतं पाहत आणि फोनला लांबूनच नमस्कार करत.

*

बदनापूरच्या घरी परत आल्यावर शीतलनं फोन हातात घेतला. "आता काढू का मामा हे? मुदत संपली. आता मातर खरंच पत्रावळ झाली."

भुजंगरावांनी क्षणभर विचार केला. "तूच काढ," ते म्हणाले, "माझ्या हाताला यश न्हाई."

दिवा लागला. इंजेक्शन झालं. चुलीवरून भाकरीचा खमंग वास येऊ लागला. नवरा-बायको देवापुढं बसले, गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ. भुजंगरावांनी पहिला चरण म्हटला.

सोनूबाई लगेच बोलल्या नाहीत. एक श्वासभर थांबल्या, फोनवर शब्द तिकडून यायला जेवढा वेळ लागायचा तेवढा.

"ऐकू येतंय का?" असं भुजंगरावांच्या अगदी ओठावर आलं होतं. ते बोलले नाहीत. स्टेशनाकडून गाडीची शिटी आली आणि विरली. समईची ज्योत जरा हलली, पुन्हा सरळ झाली.

मग सोनूबाईंचा चरण आला.