बेटात अडकलेली पहार

मी एक जुनी पहार आहे मित्रांनो, आणि मी अडकलेली आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्याकडे बघून लोकांना भलतेच काहीतरी वाटते. पाताळगंगेच्या पात्रात कातळाचे एक बेट आहे. त्यावर दोन करंजाची झाडे, थोडी काटेरी जाळी आणि बाकी नुसते खड्डेच खड्डे. त्या बेटाच्या एका टोकाला एका दांडग्या धोंड्याखाली मी रुतले आहे. हातभर बाहेर दिसते, बाकीची आत. पावसाळ्यात डोक्यावरून पाणी जाते. उन्हाळ्यात कावळे येऊन माझ्यावर बसतात, आणि बसून काय करतात ते मी तुम्हाला सांगणार नाही.

लोक म्हणतात, मी खूण आहे. माझ्या बुडाशी सोन्याचे सात रांजण पुरलेले आहेत. डोंबल! माझ्या बुडाशी काय आहे ते माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार?

मी जन्माने घाटातली. बोरघाटात एक ट्रक उलटला होता, त्याच्या मोडलेल्या आसाचा तुकडा खालापूरच्या चंदर लोहाराने उचलून आणला. त्याची बायको जानकीबाई भाता ओढायची आणि घणही तीच घालायची. दोघांनी मला लाल करून करून अशी बडवली की ट्रकचा जन्म मी पार विसरले. माझे एक टोक अणकुचीदार झाले, दुसरे चपटे. शेवटी पाण्यात बुडवल्यावर मी जी काही चर्र करून ओरडले, ते ऐकून जानकीबाई हसू लागली.

"लय तोंडाळ हाय ही."

"आसूं दे," चंदर म्हणाला. "पन वाकायची नाय."

'वाकायची नाय' हे मी फार मनावर घेतले.

मला विकत नेले नागूने. नागू नदीकाठच्या गावातला भातशेती करणारा. अंगाने काटक, बोलायला गोड. घरात त्याची बायको येसूबाई, लहानगी लेक गोदा आणि म्हातारी सोनुकाकी. आई लवकर गेल्यामुळे नागूला या चुलतीनेच वाढवले होते. काय दिवस होते ते! शेतातले धोंडे उचकायचे असोत, कुंपणाचे खांब रोवायचे असोत, होळीचा खड्डा असो, पहिली हाक मला. गावात लग्न निघाले की मांडवाची मेढ पुरायला "नागूची पहार आना रं!" म्हणून माणूस यायचा, आणि मेढीला हळद लावताना कोणीतरी एक बोट मलाही लावायचे. घरामागे सोनुकाकीने लावलेले बांबू होते. त्यांच्या बुडाची माती ती माझ्याकडून सैल करून घ्यायची. दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायची नाही. त्या बांबूंवर तिचा फार जीव. घराचे छप्पर त्यांचे, भाताच्या कणग्या त्यांच्या, आणि उरलेले कर्जतच्या बाजारात जायचे.

आता नागूची एक गंमत सांगते. नागू होता पायाळू. म्हणजे जन्मताना त्याचे डोके आधी बाहेर न येता पाय आधी आले. आपल्याकडे अशा माणसाच्या पायाला गुण असतो म्हणतात. कोणाच्या कमरेत उसण भरली, पाठीत चमक निघाली की तो वाकत वाकत नागूकडे यायचा, पालथा पडायचा, आणि नागू त्याच्या पाठीवर हळूच लाथ मारायचा. लाथ खाऊन वर माणूस पाया पडायचा! इथवर ठीक होते. पण पायाळू माणसाला जमिनीत पुरलेले धन दिसते, असेही लोक म्हणतात. आणि गावासमोर तर ते बेट. पूर्वी कोणी एक सरदार घाट उतरून पळत आला आणि त्याने सात रांजण बेटावर पुरले, वर नाग राखण ठेवला, ही गोष्ट गावातले पोर आईच्या मांडीवरच ऐकायचे. "नागू, तुला दिसंल रं," असे त्याला लहानपणापासून जो तो सांगे. त्याच्या डोळ्यांना दिसत काहीच नव्हते. पण दिसायला हवे, असे त्याला वाटू लागले होते.

त्यात सोनुकाकी आजारी पडली. शेवटच्या दिवशी तिने नागूचा हात धरला. मी दाराआड कोपऱ्यात उभी होते, मी ऐकले.

"नागू, आपलं धन बेटात हाय रं. बेट सोडू नगं."

एवढे बोलली आणि गेली. झाले! नागूने तिचे दिवस उरकले, मला खांद्यावर टाकले आणि नदी उतरून तो थेट बेटावर आला.

मित्रांनो, तिथून माझे हाल सुरू झाले. माती खणणे मला कष्टाचे नाही, पण तो काळा कातळ! रोज माझे टोक बोथट व्हायचे, रोज नागू ते दगडावर घासायचा. एका खड्ड्यात काही निघाले नाही की दुसरा. शेताचा बांध फुटला तो तसाच राहिला. मांडवाला मला न्यायला लोक आले तर नागू म्हणायचा, "आज नाय, उद्या." उसण भरलेली माणसे अंगणात बसून बसून तशीच वाकत परत जायची. मला वाटायचे, अरे बाबा, मी पहार आहे, मला कामाला लाव! पण नागूला ऐकू कुठे येतेय? संध्याकाळी घरी गेला तरी त्याचे डोळे बेटाकडेच. दोरी नसताना बांधलेला माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

येसूबाई समजावून थकली. "अवं, आपलं रान पडीक पडलंय. गोदाकडं तरी बगा."

"आता लय नाय उरलं," नागू म्हणायचा. "त्यो मोठा धोंडा हाय ना, त्येच्याच खाली हाय."

धोंडा हलेना. मग नागूच्या डोक्यात सुरुंग शिरला. सुरुंगाच्या दारूसाठी त्याने घरामागचे सगळे बांबू मुळासकट एका व्यापाऱ्याला देऊन टाकायचे ठरवले. येसूबाई त्या दिवशी जेवली नाही. पण व्यापाऱ्याची माणसे सकाळी आलीच. सखा नावाचा त्यांचा म्होरक्या होता. कोयते चालू झाले, अंगणात बांबूंची रास पडू लागली. आणि नागूला तेवढाही धीर निघेना. सुरुंग येईल तेव्हा येईल, एकदा जोर लावून बघू म्हणून तो मला घेऊन बेटावर आला.

धोंड्याच्या बुडाशी एक पोकळ कपार होती. त्याने मला फटीत घातले आणि सगळा भार टाकला. धोंडा हलला! नागू ओरडला, "हलला गं हलला!" आणि पुढच्याच क्षणी धोंडा उलट फिरून खाली बसला. नागूचा पाय कपारीत सापडला. मी धोंडा आणि खालचा कातळ यांच्यामध्ये तिरकी अडकले. निम्मा भार त्याच्या पायावर, निम्मा माझ्यावर. मी निसटले असते तर पाय गुडघ्यापासून गेला असता.

नागू आधी किंचाळला. मग त्याने कान टवकारले. कारण पाण्याचा आवाज बदलला होता. वरच्या वीजघराचे पाणी सुटले की दुपारी पाताळगंगा फुगते, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. धोंडा होता बेटाच्या सखल टोकाला. नागू बसल्या जागी पाणी त्याच्या कमरेला लागले. त्याने हाका मारल्या, पण पाण्याच्या खळखळाटात कोण ऐकणार? मग त्याने एक गोटा उचलला आणि माझ्या डोक्यावर मारायला लागला. टण! टण! टण! मित्रांनो, साऱ्या आयुष्यात मी खरी बोलले ती तेव्हा. जानकीबाईने मला तोंडाळ म्हटले होते ना? जीव तोडून ओरडले मी.

येसूबाई भाकरी घेऊन काठावर आली होती. तिने ऐकले. "सखा, बांबू घेऊन या रं! धावा!" एवढे ओरडून ती लुगड्याचा काष्टा खोचून पाण्यात शिरली. कशी आली देव जाणे. येऊन तिने नागूचे डोके खांद्यावर धरले. पाणी त्याच्या छातीला लागले होते.

"काकी म्हनली व्हती... धन बेटात हाय..." इतके दिवस तिला न सांगितलेले नागूने दात आवळून सांगितले.

तेव्हा येसूबाई कडाडली. रडत होती आणि कडाडत होती. "अवं, काकीनं जल्मात कदी या पान्यात पाय घातला व्हता का? नदी म्हनलं की थरथरायची ती! ती कंचं बेट म्हनंल? घरामागचं! बांबूचं बेट, तिनं लावलेलं!"

नागूने मान वळवून काठापलीकडच्या घराकडे पाहिले. मी सुद्धा चकित झाले. बेट म्हणजे पाण्यातली जमीन आणि बेट म्हणजे बांबूचे दाट झुबके, हे काय नागूला ठाऊक नव्हते? त्याच बांबूंखाली तो लहानाचा मोठा झाला होता. पण डोक्यात सात रांजण बसले की दुसरा अर्थ शिरायला जागाच उरत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा! आणि ते बेट त्याच्याच हुकमाने त्या दिवशी तोडले जात होते.

सखा आणि त्याची माणसे आली. अंगणातले ताजे बांबू त्यांनी धोंड्याखाली घातले आणि "हैश्या" म्हणत सगळे लोंबकळले. बांबू वाकले, मोडले नाहीत. धोंडा बोटभर उचलला गेला. येसूबाईने नागूला बगलेत धरून ओढले आणि पाय सुटला. पाणी गळ्याशी आलेले. बांबूंची मोळी तराफ्यासारखी धरून सगळे काठाकडे निघाले. बांबू निघाल्याबरोबर धोंड्याचा सगळा भार माझ्या एकटीवर आला. आणि एक सांगू? मी थोडी वाकले. चंदर लोहाराला कोणी कळवू नका.

काठावर पोचल्यावर येसूबाईचे शब्द पाण्यावरून माझ्यापर्यंत आले. "पुना त्या बेटावर पाय ठिवलात तर माजं मेलेलं तोंड बगाल!"

त्या एका शपथेने मी कायमची कैदी झाले. येसूबाईने उरलेले बांबू तोडू दिले नाहीत, आणि व्यापारी भांडून निघून गेला. कपडे धुवायला येणाऱ्या बाया बोलायच्या त्यातून मला खबर मिळायची. नागूचा पाय वाकडा जुळला. बांबू पुन्हा वाढले. नागू त्यातच राबतो. आणि उसण भरलेले लोक पुन्हा येऊ लागले. "पायाळूचा पाय मोडला, गुन नाय मोडला," असे एक बाई म्हणाली. त्याच्या कोयत्याची खटखट मला इथवर ऐकू यायची. पण तो आला नाही. एकदाही नाही. मी रागावले मित्रांनो, फार रागावले. ज्याचा पाय वाचवला त्याने मला इथे गंजत ठेवावे? माझ्या अंगावर गंजाचे पोपडे आले, गंज कातळात उतरला. त्या गंजाला मी किती शिव्या घातल्या!

आणि वर ही नवी आवई. आधी लोक बेटावर कुठेही खणायचे. आता माझ्याभोवतीच खणू लागले. "कुनीतरी मुद्दाम रोवलीय ही. धनाची खून हाय." कळंबहून आले, पार मुंबईहून आले. मला सगळ्यांनी हिसके दिले. मी प्रत्येकाला मनात म्हणायचे, ओढ बाबा, जोरात ओढ, सोडव मला! पण कोणाला जमले नाही.

मग एका रविवारी पदू आला. हा गोदाचा नवरा. लहानगी गोदा एव्हाना लग्नाची होऊन सासरी गेली होती. पदू रसायनीला कारखान्यात कामाला, हुशार, हाताचा पक्का. सासुरवाडीला आला होता, तो कोणाला न सांगता हातोडा घेऊन बेटावर. त्याने मला दोन्ही बाजूंनी ठोकले. टण! टण! टण! आणि मी हलले! इतक्या वर्षांनी हलले! मला वाटले, सुटले बाई एकदाची. पदू पालथा पडला, एक हात खांद्यापर्यंत कपारीत घालून गाळ उपसू लागला आणि दुसऱ्या हाताने मला ओढू लागला.

तेव्हा धोंडा कर्र करून बोलला.

माझा आनंद तिथेच विरला. मी सुटले तर धोंडा पोराच्या हातावर बसणार. पण मी पडले पहार. मला ना मूठ, ना दात, धरू कशाने? ज्याला शिव्या घातल्या त्या गंजाने धरले मित्रांनो. कातळात उतरलेला तो गंज जागचा सुटेना. पदू ओढतोय, गंज धरतोय.

काठावरून हाक आली. "पाव्हणं! हात काडा भाईर!" नागू होता. टणटण ऐकून तो कोयता टाकून काठावर आला होता. तो आवाज तो कसा विसरेल?

"म्हंजे हाय ना हितं, मामा?" पदू हसत ओरडला. "म्हनून तर वरडताय!"

नागू पाण्याशी येऊन थबकला. शपथ होती ना. मागून येसूबाई धावत आली आणि ओरडली, "जावा! माज्या तोंडाचं ऱ्हाऊ द्या, जावा लवकर!"

वाकडा पाय ओढत नागू आला. तो पदूला रागावला नाही. त्याच्याशेजारी बसला आणि धोतर वर करून आपला पाय दाखवला. "ह्योच दगूड, पाव्हणं," एवढेच म्हणाला. पदूचे हसू मावळले. त्याने हळूहळू हात बाहेर काढला.

मग नागूने माझ्यावर हात ठेवला. गंजाने त्याचा तळवा लाल झाला.

"अजून धरून हायस व्हय गं?"

माझा सगळा राग गेला, मित्रांनो. एका क्षणात गेला.

दोघांनी कपारीत दगड ठासले आणि मला काढायला बघितले. पण आता मीच निघेना. नागू दमून थांबला, मला वरून खालपर्यंत बघितले आणि म्हणाला, "कमरंत वाकलीस की गं." मग त्याने तो वाकडा पाय उचलला आणि माझ्या वाकलेल्या पाठीला हळूच लावला, उसण भरलेल्या माणसाला लावायचा तसा. काठावर येसूबाई पदराने डोळे पुसत होती.

म्हणून सांगते मित्रांनो. पुराने ते ठासलेले दगड केव्हाच नेले, आणि लोक अजून येतात. तुम्हीही कधी याल. माझ्याखाली रांजण नाहीत, फक्त एका माणसाच्या पायाएवढी रिकामी जागा आहे, आणि तिच्यावरचा धोंडा मी धरला आहे. मला उपटू नका. फार तर जवळ या, डोक्यावरचा कावळा हुसका, आणि विचारा, अजून धरून आहेस का गं? मी आहे.