जुन्या आवृत्तीची लिंक

जयराजनं मेंढपाळांसाठी फुकट ॲप बनवलं ते बोलकं बनवलं, कारण म्हसवडकडच्या त्याच्या भाऊबंदांना वाचायचा भारी कंटाळा. मेंढरांना लस द्यायची वेळ आली की फोनमधून त्याचाच आवाज यायचा, "उठा आता, लशीचा दिस हाय." दोन वर्षांपूर्वी तो अपघातात गेला आणि ॲपची वेबसाइट धाकट्या बहिणीच्या, क्रांतीच्या गळ्यात पडली. काम असं कितीसं? नवी आवृत्ती आली की डाउनलोडची लिंक बदलायची.

तेवढंच तिनं चार महिने केलं नव्हतं.

नव्या फोनवर जुनं ॲप वाजत नव्हतं. म्हणून सांगलीच्या उत्कर्षानं, जयराजच्या कॉलेजच्या मैत्रिणीनं, नवी आवृत्ती करून पाठवली. लशीही बदलल्या होत्या, त्यामुळे सगळं नव्यानं बोलून भरावं लागलं. तो आवाज उत्कर्षाचा. क्रांतीनं एकदा ऐकला आणि फोन पालथा ठेवला. उत्कर्षानं विचारलं की "रविवारी करते गं," म्हणून वेळ मारून न्यायची. तिला कळत नव्हतं असं नाही. पण जुनी लिंक आहे तोवर दादा कुणाच्या तरी खिशात बोलतोय, हाच तिचा आधार होता. आधार सुटू नये म्हणून माणूस काय वाट्टेल ते करतं.

दिवाळी झाली, कळप कोकणाकडे निघाले. खाली रेंज नसते, म्हणून मेंढपाळ पाटणला थांबूनच ॲप उतरवून घेतात. साठीच्या अर्जुनांनीही आपल्या नव्या फोनवर घेतलं.

पौषात त्यांनी घाट चढून वर येऊन वेबसाइटवरच्या नंबरावर फोन केला. "ताई, ॲप मुकं झालंय बगा. लशीचा दिस कवा गेला, कळलंच न्हाई. अकरा मेंढरं गेली."

ते रागावलेही नव्हते. म्हणाले, "तुमचा काय दोष? माजा फोनच भंगार आसंल."

"न्हाई मामा, दोष माझाच हाय. नवं ॲप कवाच आलंय. मीच लावलं न्हाई."

"का वं?"

"त्यात दादाचा आवाज न्हाई. दादा वारला, मामा. दोन वर्सं झाली."

म्हातारा जपून बोलला, "पोरी, मेंढरं मरत्यात म्हटल्यावर त्यो आसता तर त्यानं सवताच आपला आवाज काडून टाकला आसता."

क्रांतीला रडू आवरेना. तशीच ती कॉम्प्युटरपुढे बसली, जुनी लिंक पुसली, नवी लावली.

"मामा, आता परत उतरवून घ्या," ती म्हणाली, "आन् ऱ्हायलेल्यांना लस आजच द्या."