सातवी जागा

बँडमध्ये त्याला सगळे टेलर म्हणत. वडील शिंपी होते आणि त्यांच्या शिलाई मशीनखाली झोपून तो लहानाचा मोठा झाला, एवढंच कारण. त्याला स्वतःला शर्टाचं बटणही धड लावता येत नव्हतं. बासष्टी गाठली, चौतीस वर्षं ड्रम बडवले, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच.

शनिवारी जेवण उरकून तो बाहेरच्या खोलीत फरशीवर फतकल मारून बसला होता. समोर बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आणि डब्यात चारशे बारा याद्या. दर कार्यक्रमाची एक. कितव्या नंबरावर कुठलं गाणं, हे लिहिलेला कागद स्टेजवर प्रत्येकाच्या पायाशी चिकटपट्टीने लावलेला असायचा, आणि कार्यक्रम संपला की टेलर आपला कागद उपटून खिशात घालायचा. कशासाठी, हे विचारून विचारून बायकोने नाद सोडला होता.

याद्या लिहायचा मास्तर, बँडचा गिटारवाला. तरुणपणी त्याने आठ महिने शाळेत गणित शिकवलं होतं, तेवढ्यावर तो जन्मभर मास्तर झाला. मुलांना गणित कितपत कळलं देव जाणे, पण यादीचं त्याचं गणित पक्कं. पहिली तीन गाणी वेगाची, मध्ये एक शब्द बोलायचा नाही, म्हणजे लोकांना मोबाइल काढायला फुरसत मिळत नाही. चौथं नवं, कारण नव्या गाण्याला माणसं उठून बाहेर जातातच, तर लवकर जाऊन लवकर येऊ देत. पाचवं आणि सहावं संथ, गायकाला दम खाता यावा म्हणून. शेवटी ते एक गाणं, जे ऐकल्याशिवाय लोक हलत नाहीत आणि जे वाजवायचं चौघांच्याही जिवावर येतं. त्याच गावात पुन्हा गेलं तर निदान चार गाणी बदलायची. आणि सातवी जागा कोरी. सातचा आकडा घालायचा, पुढे काही लिहायचं नाही.

सातवी जागा आली की दिवे मंद व्हायचे, टेलर टॉवेलने हात पुसायचा आणि मास्तर एकदम काहीतरी सुरू करायचा. साठ-सत्तर गाण्यांतलं कुठलंही. बाकीच्यांनी पहिल्या चार सुरांत ओळखायचं आणि मागे धावायचं. एकदाही फसलं नव्हतं. टेलर घरी येऊन कोऱ्या जागेत पेन्सिलीने त्या गाण्याचं नाव लिहायचा. एक यादी सोडून सगळ्यांवर लिहिलं होतं.

यंदा मास्तरची बोटं आखडली. कपाची कडी धरवेना, तिथे गिटार कुठली धरणार? त्याच्या जागी त्याचीच भाची आली, हुशार आणि हाताने साफ. तिच्यासोबतचा पहिला कार्यक्रम रविवारी संध्याकाळी होता. तालमीत गायक म्हणाला की आता ती सातव्या जागेची भानगड पुरे, तिथे एक ठरलेलं गाणं टाकून मोकळे होऊ. गायकाला सगळे साहेब म्हणत, आणि साहेबाचं बोलणं सहसा कोणी मोडत नसे. टेलरने तर कधीच नाही. त्या दिवशी मात्र तो नाही म्हणाला, इतक्या जोरात की त्याचं त्यालाच दचकायला झालं.

कारण बाकीची संध्याकाळ तो भिंतीवरच्या घड्याळासारखा वाजायचा. चौतीस वर्षांत त्याला कोणी विचारलं नव्हतं की बाबा रे, तुला काय वाजवावंसं वाटतं. त्याची तक्रारही नव्हती. पण सातव्या जागेवर पुढे काय येणार हे माहीत नसायचं, आणि त्या चार सुरांपुरता तो पुन्हा अठ्ठावीस वर्षांचा व्हायचा. ती जागा गेली तर ड्रमवर बसण्यात त्याला राम उरणार नव्हता.

साहेब म्हणाला, "एवढा पुळका आहे ना, मग तूच ठरव काय वाजवायचं ते. फसलं तर पुढच्या वेळेपासून ठरलेलं गाणं."

म्हणून हा डबा उघडला होता. मास्तर कसा ठरवायचा, याची काहीतरी युक्ती असणारच. टेलरने पावसाळ्यातल्या याद्या वेगळ्या काढल्या, मोठ्या गावांच्या वेगळ्या, रविवारच्या वेगळ्या. फरशीभर कागद झाले. काही म्हणता काही जुळेना. बायको त्यांच्यामधून पाय वाचवत गेली आणि म्हणाली, "ज्याला माहीत आहे त्यालाच विचारा की."

हे त्याला सुचलं नव्हतं असं नाही. मास्तरकडे जायचं टाळण्यामागे एकोणीस वर्षांची अढी होती. टेलरचे वडील एका मंगळवारी गेले. गुरुवारी कार्यक्रम होता, तिकिटं विकली गेली होती, तो गेला. सातवी जागा आली आणि मास्तरने 'लाल सायकल' सुरू केलं. बँडचं सगळ्यात उडतं, धिंगाण्याचं गाणं. लोक उड्या मारत होते आणि टेलर दात आवळून बडवत होता. त्याबद्दल तो मास्तरला कधी एक अक्षर बोलला नाही. फक्त त्या यादीवर नाव लिहिलं नाही.

तरी तो गेला, तेव्हा मास्तर घरी खिडकीपाशी बसून कोमट पाण्यात हात बुडवून होता. टेलरने आडवळण न घेता विचारलं.

"मी कुठे ठरवायचो? तू ठरवायचास," मास्तर म्हणाला.

टेलरला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय.

"सहावं संपलं की तू हात पुसायचास, आणि पुसताना तुझा पाय चालू असायचा. कसली तरी लय. मी ती ऐकायचो आणि तिच्यावर बसेल ते गाणं धरायचो. तुला पत्ताच नव्हता. सांगितलं असतं तर पाय बंद पडला असता, म्हणून बोललो नाही."

आता हा मास्तर म्हणजे बँड कसा सुरू झाला याच्या तीन पत्रकारांना तीन कहाण्या सांगणारा माणूस. टेलरला विश्वास ठेवावा की उठून जावं कळेना. शेवटी त्याने त्या गुरुवारचं काढलं. मास्तरने हात पाण्यातून बाहेर काढले.

"तू ते मनात धरून बसणार, असं वाटलंच होतं मला. मीही चपापलो होतो रे. दोनदा ऐकून खात्री केली. तुझाच पाय होता."

घरी परतताना टेलर दोनदा चुकीच्या गल्लीत वळला. मास्तर खोटं बोलत असेल, तर एकोणीस वर्षांनी का? आणि खरं असेल, तर बाप जाऊन दोन दिवस झालेले असताना ज्याचा पाय धिंगाण्याच्या गाण्यावर हलतो, तो मुलगा कसला? रात्रभर त्याला दोन्ही बाजू पटत राहिल्या. सकाळी चहा पितानाही तो टेबलाखाली वाकून पायाकडे बघत होता. बायकोने विचारलं, गुडघा दुखतोय का? तो हो म्हणाला, कारण दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतं.

यादी त्यानेच लिहिली. सातचा आकडा वाकडा आला. स्टेजवर कागद चिकटवताना भाचीला एवढंच सांगितलं, "सातव्याला मी नाव ओरडेन, ते सुरू कर." तिने मान हलवली.

पहिली सहा गाणी झाली. दिवे मंद झाले. टेलरने टॉवेल उचलला आणि हात पुसत खाली बघितलं. उजवा पाय मोठ्या ड्रमच्या पायपट्टीवर ढिम्म. सहज बघितल्यासारखं करून पुन्हा बघितलं. ढिम्मच. साठ-सत्तर गाण्यांतलं एकही नाव डोक्यात येईना. आपल्याच पायाची वाट बघत बसलेला असा माणूस जगात दुसरा नसेल, असं वाटून त्याला हसू आलं आणि त्याच वेळी घामही फुटला. साहेब मागे वळून बघायला लागला. पुढे कोणीतरी शिट्टी मारली. आपल्या हाताने आपण ही जागा घालवली, हे त्याला स्पष्ट दिसलं, आणि साहेबाचं ते ठरलेलं गाणं ओरडण्यासाठी त्याने तोंड उघडलं.

तेवढ्यात भाचीने चार सूर छेडले. 'लाल सायकल'.

त्याच्या हातांनी मागे धाव घेतली, डोकं तिथेच राहिलं. गाणं असं उडालं की साहेब माइक सोडून टाळ्या वाजवत फिरत होता. बाकीची यादी कशी संपली ते टेलरला नंतर आठवेना.

खाली उतरल्यावर त्याने भाचीला पायऱ्यांवर गाठलं. ते गाणं तुला मामाने सांगितलं होतं का?

"नाही हो काका. मामा एवढंच म्हणाला होता की सातव्याला ड्रमजवळ जाऊन उभी राहा. तुमचा पाय वाजत होता, मला वाटलं तीच खूण."

"पाय हलला नाही. मी बघत होतो."

"उजवा नाही, डावा. टाच खाली, चवडा खाली, टाच, चवडा. केवढ्या वेगात."

ती गिटार घेऊन गेली. टेलर पायरीवर बसून राहिला. मग डावा पाय जमिनीवर टेकवून त्याने जपून तसं करून पाहिलं. टाच, चवडा, टाच, चवडा. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. मशीनखाली पडल्या पडल्या तोंडाशी एक पायडल खालीवर व्हायचं आणि त्यावर वडिलांची पावलं. शाळा उघडायच्या आधी गणवेशांची गर्दी असली की पायडल याच वेगाने पळायचं. त्या आवाजात त्याला गाढ झोप लागायची. मशीन थांबलं की जाग यायची.

तो तिथेच रडला. जाणाऱ्या-येणाऱ्यांना वाटलं, कार्यक्रम चांगला झाला म्हणून.

सोमवारी सकाळी त्याने डबा उघडला. कालच्या यादीवर सातच्या पुढे 'लाल सायकल' लिहिलं आणि ती आत ठेवली. मग फरशीभर कागद पसरून एकोणीस वर्षांपूर्वीची ती एक यादी शोधून काढली. कागद पिवळा पडला होता, घडीवर फाटला होता. मास्तरच्या अक्षरातला सातचा आकडा अजून स्वच्छ दिसत होता. टेलरने पेन्सिलीला टोक काढलं आणि त्याच्यापुढे तेच नाव लिहिलं.