ॲडेलिनच्या उंचीचा घुमट

माझी उंची पाच फूट एक इंच. लग्नाच्या फोटोत एडविनच्या खांद्याशी तरी पोचावं म्हणून मला विटेवर उभं केलं होतं, आणि त्या विटेवरून वसईला सासरी अजून माझी चेष्टा होते. अशा बाईच्या डोळ्यांना धरून अबू धाबीत एक अख्खा घुमट उभा राहील, असं कुणी सांगितलं असतं तर मीही हसले असते.

घुमट खरा नव्हता, हे आधीच सांगते. खलिफा सिटीतल्या ज्या व्हिलात तो आहे, तिथल्या दिवाणखान्याचं छत पाटासारखं सपाट आहे. मालकीण नादिया मॅडम इटलीत शिकलेल्या. तिथे डोंगरातल्या एका चर्चमध्ये त्यांनी ओराझियो बेल्कारी नावाच्या चित्रकाराचं छत पाहिलं आणि तसंच आपल्या घरी हवं असा ध्यास घेतला. हा बेल्कारी तीनशे वर्षांपूर्वीचा, गिलावा करणाऱ्याचा पोरगा. गावाला घुमट बांधणं परवडेना, तेव्हा यानं सपाट छतावर घुमट रंगवून दिला: खांब, कमानी, कठडे, कठड्यावरून वाकून खाली बघणारी माणसं आणि सगळ्यांच्या वर उघडं, गुलाबी आकाश. पुढे चाळीस वर्षं तो चर्चांची आणि सरदारांच्या महालांची छतं अशीच उघडत फिरला.

एडविन इथे एकोणीस वर्षं लोकांच्या भिंती क्रीम रंगानं रंगवत होता. त्याचे वडील वेदीवरचे देवदूत रंगवायचे, तोच हात याच्यात उतरला होता, पण कंपनीच्या कार्डावर नुसतं 'पेंटर'. नादिया मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं, छत जमलं तर उद्घाटनाला सगळ्या पाहुण्यांसमोर चित्रकार म्हणून तुझं नाव घेईन. नाही जमलं तर वर पांढरा रंग मारून खलास. त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. ते नाव मला त्याच्याइतकंच हवं होतं, खोटं कशाला बोलू.

अशा छताची एक खोड असते. ते जमिनीवरच्या एकाच जागेवरून खरं दिसतं. तिथून खांब ताठ उभे राहतात, आणि चार पावलं बाजूला सरकलं की सगळे दारू प्यायल्यासारखे लांबतात, कलंडतात. म्हणून आधी ती जागा ठरवायची, तिथे माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर दोरी बांधायची आणि ती वर ताणून एकेक रेघ छतावर टिपायची. दोरी बांधायचा लोखंडी स्टँड सुपरवायझर तहसीनभाई आणणार होते, तो आला नाही. शुक्रवार होता, मी नोकरी करते ते क्लिनिक अर्धाच दिवस, म्हणून मी डबा घेऊन तिथे गेले होते.

"ॲडेलिन, जरा इथे उभी राहा," एडविन म्हणाला. "पाचच मिनिटं."

पाच मिनिटांचे चार तास झाले. दोरीचं टोक उजव्या डोळ्याखालच्या हाडावर दाबून मी उभी, आणि परांचीवरून नवरा ओरडतोय, हलू नकोस, श्वास हळू घे. "भाभी, आप तो इस घर का पिलर हो गईं," तहसीनभाई म्हणाले. दोरी इतकी ताणलेली होती, की वर त्याचा हात थरथरला की खाली माझं हाड थरथरायचं. गालावरचा वळ दोन दिवस राहिला.

त्या रविवारी चर्चमध्ये मिस्साला एडविन माझ्या शेजारी उभा होता. मला वाटलं, हा असा तिरका काय उभा आहे? मी कोपरानं ढोसलं.

"सरळच उभाय गं मी," तो कुजबुजला.

पायाशी तो सरळच होता. पण कमरेपासून वर जरा मागे झुकलेला, आणि मान असावी त्याहून दोन बोटं लांब. थकवा असेल म्हणून मी प्रार्थनेत लक्ष घातलं. मग ते रोजचंच झालं. टेबलावर समोर बसला की हनुवटी एकीकडे ओढलेली, दारातून आत आला की खांदे भिंतीकडे कललेले. तब्येत मात्र ठणठणीत. दुप्पट जेवायचा, गुणगुणायचा, कठड्यावरच्या माणसांच्या नकला करून दाखवायचा. मी डोळे तपासून घेतले, डॉक्टर म्हणाले उत्तम आहेत. आमच्या लेकीनं, ॲमंडानं, बापाचे फोटो काढले आणि सगळे डिलीट केले. "पापा, स्टँड स्ट्रेट ना, यू लुक वीअर्ड," ती म्हणाली. म्हणजे ते मला एकटीलाच दिसत नव्हतं.

एक दिवस फ्रीजला टेकून चहा पिताना सहज पाहिलं, तर हॉलमधल्या सोफ्यावर माझा एडविन बसलेला. जसाच्या तसा, रुंद खांद्यांचा, हसरा. एक फरशी पुढे सरकले, तर कलंडला. परत मागे आले, तर सरळ. तेव्हापासून मी चहा फ्रीजपाशीच घेऊ लागले. भीती वाटायची, आणि त्याला सांगायची लाजही वाटायची. नादिया मॅडमनी बघायला दिलेल्या पुस्तकात बेल्कारीच्या म्हातारपणावर दोनच ओळी होत्या: फार मान मिळाला, फार सुखात गेला, बायको मात्र त्याच्याशी खिडकीजवळच्या एकाच खुर्चीत बसून बोलत असे. ते पान मी एडविनला दाखवलं नाही.

परांची उतरली त्या दिवशी नादिया मॅडम जागेवर जाऊन उभ्या राहिल्या. त्या उंच, त्यामुळे त्यांना घुमट किंचित कललेलाच दिसला. एडविननं लाजत दोरीची हकीकत सांगितली. मॅडमनी जरा गुडघे वाकवले, वर पाहिलं आणि तशाच अर्ध्या बसून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, आता माझ्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला ॲडेलिनच्या उंचीचं व्हावं लागेल.

आणि झालंच तसं. उद्घाटनाला मोठमोठे लोक रांगेनं त्या जागेवर येत होते, पांढऱ्याशुभ्र पायघोळ अरबी कंदुऱ्यांतले सहा-सहा फुटी पुरुष गुडघे वाकवत होते, आणि छत उघडून आकाश दिसलं की एकेकाच्या तोंडून "माशाल्ला" निघत होतं. मला इतका अभिमान वाटत होता की रडू येत होतं. पलीकडच्या व्यासपीठावर मॅडमनी माइक घेतला आणि नाव घेतलं, पूर्ण नाव: एडविन जोसेफ तुस्कानो, चित्रकार. सगळा दिवाणखाना टाळ्यांनी भरला. फोटोग्राफरनं कॅमेरा डोळ्याला लावला, काढला, पाहिला, आणि थोडा तिरका धरला.

नेमका तेव्हाच माझा नंबर आला होता. मला वाकावं लागलं नाही. वर घुमट उभा राहिला, आणि समोर, व्यासपीठावर, माझा नवरा. पायापासून डोक्यापर्यंत ताठ. इतका देखणा तो लग्नातही नव्हता.

"ही माझी बायको," तो माइकवर सांगत होता. "हिच्या डोळ्यांनी काढलंय मी हे. ॲडेलिन, ये ना वर, माझ्या शेजारी."

सगळे माझ्याकडे वळले, टाळ्या वाढल्या. पुढच्यांनी बाजूला होत मला व्यासपीठापर्यंत वाट करून दिली. मागची रांग वाट बघत होती. त्यानं हात पुढे केला.

मी तिथूनच टाळ्या वाजवत राहिले.