डिकीचे झाकण

ट्रकवाल्याने धाकट्याला गळपट्टी धरून गाडीबाहेर ओढले, आणि कारण सांगितले ते पहिली थप्पड मारून झाल्यावर. "ब्रेक मारतोस आणि मागचा दिवा लागत नाही! मी काय ज्योतिषी आहे?" दुसऱ्या थपडेने ओठ फुटला. कारण योग्य होते, म्हणूनच धाकट्याला हात उगारता आला नाही. आणि त्या न उगारलेल्या हाताची मूठ वळून तो घरी आला.

ही कालची गोष्ट. आज दुपारी गाडीची तपासणी होती. मागल्या खेपेस तपासनिसासमोर ब्रेकचे दिवे एकदा लागले आणि दुसऱ्यांदा रुसले, तेव्हा त्याने गाडी परत धाडली होती. आज पुन्हा नापास झाली तर भाड्याने चालवण्याचा परवानाच रद्द होणार होता. धाकट्याला गाडी चालवण्यावाचून दुसरे काही येत नव्हते, आणि हे तो स्वतःही नाकारीत नसे.

गाडी मात्र त्याच्या एकट्याची नव्हती. वडिलांमागे ती दोघा भावांच्या नावावर आली होती. थोरला शिवणकारखान्यात कापड बेतण्याचे काम करी. एकावर एक रचलेल्या थरांतून कात्री फिरवणारा त्याचा उजवा हात साऱ्या कारखान्यात नावाजलेला होता. मध्यंतरी एकदा जेवताना तो सहज म्हणून गेला होता, "हा खटारा विकून टाकू या. तो जुन्या गाड्यांचा दलाल विचारत होता." बोलणे तिथेच संपले, धाकट्याच्या मनात मात्र ते संपले नाही.

सकाळपासून दोघे भाऊ घरामागच्या फरशीवर घाम गाळीत होते. बल्ब नवे घातले, फ्यूज बदलला, पेडलजवळचा स्विचही बदलला. दिवे तरीही मनात येईल तेव्हा लागत आणि मनात येईल तेव्हा विझत.

ब्रेकचा दिवा तपासणे हे एकट्याचे काम नव्हे. जो पेडल दाबतो त्याला दिवा दिसत नाही, आणि ज्याला दिवा दिसतो त्याच्या पायाखाली पेडल नसते. त्यात भर उन्हामुळे मागच्या भिंतीवर दिव्याचा उजेडही उमटत नव्हता. तेव्हा सारा व्यवहार शब्दावर चालणार. आणि ज्या दोघांत शब्दाला किंमत उरलेली नाही त्यांनी असल्या कामाला हात घालू नये, हे उघड तत्त्व दोघांपैकी एकालाही सुचले नाही.

"दाबलंय. लागला?"

"नाही."

"आता?"

"लागले, दोन्ही लागले... गेले."

"मी पाय हलवलेला नाही, दादा!"

"मग मी काय फुंकर मारून विझवले?"

"नीट बघ ना जरा."

"डोळे आहेत मला. काल त्या ट्रकवाल्याला दिवे दिसले असते तर तुझं थोबाड असं सुजलं नसतं."

धाकट्याने दात आवळून पेडल जमिनीपर्यंत रेटले. "आता?"

"नाही म्हणतो ना! थांब, बल्ब ढिला असेल. आतून बघतो."

थोरल्याने डिकी उघडली आणि झाकणाखाली मान घातली. इकडे धाकट्याने जॅकची दांडी उचलली, तिचे एक टोक पेडलवर आणि दुसरे बैठकीला असे घट्ट अडकवले, आणि आवाज न करता तो खाली उतरला. मागे येऊन पाहतो तो उचललेल्या झाकणावर दोन्ही दिवे लालभडक जळत होते.

"नाही म्हणालास ना?"

"नव्हतेच लागले."

"मग हे काय जळतंय? माझं नशीब?"

थोरल्याने मान बाहेर काढून दिव्यांकडे पाहिले. त्याला खरोखरच आश्चर्य वाटले होते. परंतु आश्चर्य आणि चोरी पकडली गेल्याची भीती, ही दोन्ही माणसाच्या चेहऱ्यावर सारखीच दिसतात.

"अरे, आत्ता लागलेत. मघाशी..."

"दलालाला काय शब्द दिलास? आज नापास करून देतो म्हणून?"

"डोकं फिरलंय तुझं."

ट्रकवाल्यापुढे न उठलेला हात आता उठला. ठोसा थोरल्याच्या कानावर बसला. थोरला धडपडला, पण सावरून त्याने कपाळानेच धाकट्याच्या नाकावर धडक दिली. रक्त आले. मग दोघांत बोलणे उरले नाही. गुडघा, कोपर, नखे, जे हाती येईल ते एकमेकांच्या अंगात घुसत होते; लहानपणी एकाच पांघरुणात निजलेले ते दोन देह एकमेकांची दुखरी जागा चांगली ओळखून होते. धाकट्याने लाथ घातली तसा थोरला मागे कोलमडला आणि पडू नये म्हणून त्याने उजव्या हाताने डिकीची कड धरली. धाकट्याने तो हात पाहिला. पाहिला नाही असे त्याला पुढे कधी म्हणता आले नाही. त्याने दोन्ही हातांनी झाकण धरून सर्व ताकदीनिशी खाली आदळले.

हाड मोडल्याचा आवाज लहानसा असतो. थोरल्याची किंकाळी त्याच्यानंतर आली.

आणि दिवे विझले.

पेडलमधली दांडी जागच्या जागी होती. धाकट्याने झाकण वर उचलले; भावाचा हात मोकळा झाला आणि दिवे पुन्हा लागले. दोन्ही दिव्यांना वीज नेणारी एकच तार बिजागरीजवळच्या रबरी नळीतून झाकणात जात होती. ती आतल्या आत तुटलेली होती. झाकण उघडे असले की तुटकी टोके भिडत, मिटले की बहुतेक वेळा सुटत. दादा खोटे बोलला नव्हता.

वहिनी धावत आली. चार बोटे काळीनिळी होऊन भलत्याच दिशांना वळली होती. "काय केलंत हे, भाऊजी? काय केलंत!" तिने पदर गुंडाळला, तो भिजला तशी ती स्वच्छ फडके आणायला आत धावली.

"चल दादा, दवाखान्यात," धाकटा म्हणाला.

थोरला पांढराफटक पडला होता. "तुटली कुठे, कळलं ना? मग जोड आधी. दवाखाना तपासणीच्या वाटेवरच आहे. दोन्ही होईल." आणि तो स्वतःच जाऊन चालकाच्या जागी बसला, डाव्या हाताने दांडी काढून फेकली आणि पेडलवर पाय ठेवला. "दाबलंय मी. जोड."

धाकट्याने नळी चिरली, तारेची टोके सोलली, पिळली, वर चिकटपट्टी गुंडाळली. नाकातले रक्त त्याच्या बोटांवर ठिबकत होते. त्याने झाकण हलकेच मिटले.

"लागले, दादा."

वहिनी दारात उभी राहून हे पाहत होती. फडके तिने नवऱ्याच्या मांडीवर टाकले, फरशीवरचा चाकाचा पाना उचलला, आणि मागे येऊन डाव्या दिव्यावर घातला. लाल काचेचे तुकडे धाकट्याच्या पायांवर उडाले.

"अगं, थांब!" थोरला आतून ओरडला. "त्याची तपासणी आहे आज! पोटावर पाय देऊ नकोस त्याच्या!"

"आणि तुमच्या पोटाचं काय? कात्री आता कशात धरणार तुम्ही, दातांत?"

उजवा दिवा जळत होता, कारण थोरल्याने पेडलवरचा पाय अजून काढलेला नव्हता. वहिनी आणि तो दिवा यांच्या मध्ये धाकटा उभा होता. तिच्याहून तो हातभर उंच होता. मनगट धरले असते तर पाना सहज गळून पडला असता. तिने पाना उचलला आणि त्याच्याकडे पाहिले.

धाकटा बाजूला सरला.