तिसरी तार

गिटारच्या तिसऱ्या तारेची खुंटी. तिचं पांढरं बोंड एका कडेला उडालेलं, आणि ती कड डॅडींच्या अंगठ्याने घासून गुळगुळीत झालेली. आता तिथे नोहेआचा अंगठा होता. तिने खुंटी जराशी पिळली, तार छेडली. नाही. उतरवली, पुन्हा छेडली. हेही नाही... की हेच? काही वाटलं तर कळेल ना. डॅडी गेल्यापासून तिला काही वाटतच नव्हतं. आंटीने भात वाढला की खायची, झोप म्हटलं की डोळे मिटायची.

"झाली का गं लावून?" आतून लेइनाआंटी, डॅडींची बहीण, कांद्याची पात चिरता चिरता. "ऊन उतरलं की निघायचंय. होडीवाले थांबायचे नाहीत."

"होतेय."

संध्याकाळी कवाइहाएच्या बंदरावरून रक्षा समुद्रात सोडायची आणि नोहेआने डॅडींचं ते गाणं वाजवायचं, हे सगळ्यांनी तिला न विचारताच ठरवून टाकलं होतं. गाणं बोटांना येत होतं, लहानपणापासून बघून बघून उचललेलं, पण ते ज्या तारांवर बसायचं त्या तारा डॅडी स्वतःच्या रीतीने लावायचे — इथे घराघराची असते तशी, घराबाहेर न जाणारी रीत — सगळ्यांकडे पाठ करून, आणि कुणी दाराशी आलं की आधी सहाही खुंट्या फिरवून तारा ढिल्या, मग "ये, बस." मुलीलाही त्यांनी पहिल्यांदा तेच शिकवलं, वाजवायला नव्हे, ढिल्या सोडायला. "बाकीचं देईन की कधीतरी," म्हणायचे. "घाई काय आहे?"

घाई काय आहे... होनोलुलूच्या हॉटेलात कामावर, काउंटरला उभी असताना फोन आला, डॅडींचं काही खरं नाही, ये. दुसऱ्या दिवशी विमानाने पोचली तेव्हा पलंग रिकामा आणि गिटार खुर्चीला टेकलेली. तेवढ्यात पायऱ्यांवर काहालेअंकलचे बूट वाजले. रँचवर डॅडींच्या बरोबरीने जन्मभर गुरं वळलेला, आणि जन्मभर त्यांची ती तारांची जुळणी पळवायला टपलेला म्हातारा. तिने विचार केलाच नाही. हात आपोआप गेला, एकेक करून सगळ्या तारा सुटल्या, आणि मग ती म्हणाली, "या अंकल, बसा."

पुढे प्रार्थना वगैरे आटोपल्यावर भांडी घासताना आंटी सहज बोलून गेली. "आदल्या संध्याकाळी बराच वेळ लावत बसला होता. मी म्हटलं, ढिली करून ठेवू का? तर म्हणाला, राहू दे तशीच, नोहेआ येतेय." नोहेआने हातातली ताटली पुसली, जागेवर ठेवली. आंटीला तिने अजूनही सांगितलेलं नाही. त्या माणसाने उभ्या आयुष्यात एकदाच गिटार लावलेली ठेवली, माझ्यासाठी, आणि मी ती... सोडली. वाक्य ती रोज पुरं करून बघायची. आत काही हलायचं नाही. स्वतःची लाज वाटायला हवी होती, तीही वाटत नव्हती.

पाच तारा जवळपास आल्या होत्या. ही एक तेवढी कुठेच बसत नव्हती.

फाटकात ट्रक थांबला. काहालेअंकल. हात पुन्हा खुंटीकडे गेला, आणि या वेळी तिला तो जाताना दिसला. काय लपवतोय हा हात? लपवायला राहिलंय काय? तिने गिटार खुर्चीला टेकवली, लावलेली, आहे तशी, आणि "बसा, कॉफी आणते" म्हणून आत गेली.

"अगं, तशीच ठेवलीस त्याच्यासमोर?" आंटीची सुरी थांबली. "तुझा बाप म्हणायचा, काहालेला घोडा देईन, खोगीर देईन, पण लावलेली गिटार देणार नाही."

"वाजवू दे त्यांना."

बाहेर बराच वेळ काही वाजलं नाही. मग म्हाताऱ्याचा अंगठा तारांवरून सावकाश उतरला, जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत. आणि मधे कुठेतरी... नोहेआच्या हातातला कप गच्च धरला गेला. तिथे दुखलं. छातीत, अगदी तिथे, ठेच लागलेल्या बोटाला पुन्हा धक्का लागावा तसं. हे नाही. डॅडींचं हे नाही.

"पोरी," अंकल बाहेरून हळूच म्हणाले, "मधली काहीतरी चुकलीय. मी हात लावू?"

"तिसरी." तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "उतरवा थोडी."

खुंटी करकरली. तार वाजली.

"अजून."

पुन्हा वाजली, आणखी खाली, आणि अजून दुखतच होतं. कॉफी निवत चालली होती. नोहेआ दाराला टेकून ऐकत राहिली. दुखू दे. दुखतंय तोवर मला कळतंय. फक्त डॅडींचा सूर सापडेपर्यंत हे थांबायला नको...

"अजून खाली, अंकल," ती म्हणाली. "मी सांगते."